कुसाबाईची हाक

डुकराला घाणीपलीकडं काही कळत नाही, असं म्हणणारा माणूस कुसाबाईला भेटला की ती त्याच्या तोंडावर हसायची. "तुमच्या पोराला कळतं का, हागायचं कुठं आन निजायचं कुठं? डुकराला कळतं," असं ती सुनवायची, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जागा पुरेशी असली तर डुक्कर निजतं तिथं कधी घाण करत नाही. चिखलात लोळतं तेही हौसेनं नाही. त्याला घाम येत नाही, उन्हात अंग भाजतं, म्हणून बिचारं चिखल अंगाला लावून घेतं. पण हे कोण ऐकून घेतो? आपल्याकडं एकदा नाव पडलं की पडलं.

नाशिकच्या नासर्डी नदीच्या काठाला, गावाच्या उकिरड्याच्या अंगाला, कैकाड्यांची वीसेक पालं होती. बाप्ये तुरकाट्यांच्या आणि तरवडाच्या फोकांच्या टोपल्या विणायचे, बाया त्या पंचवटीतल्या माळ्यांना भाजी-फुलांसाठी विकायच्या. प्रत्येक पालामागं चार-दोन डुकरं असायची. ती दिवसभर गावाची घाण साफ करत हिंडायची आणि गावाच्या शिव्या खायची. सांजेला त्यांना घरी आणायचं काम कुसाबाईचं. नवरा गोटीराम टोपल्या विणण्यात वाकबगार होता, पण त्याची हाक डुकरं ऐकल्यासारखं करायची आणि तोंड फिरवायची. कुसाबाई नदीकाठच्या खडकावर उभी राहायची, गळ्यातून खर्जात सुरू करायची आणि आवाज वर चढवत न्यायची, "ऊऽऽर्र, ये बये, ये ऽऽ." अर्ध्या कोसावरची डुकरं माना वर करायची आणि धावत सुटायची. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, कुसाबाईचा नवरा एवढ्या हाकेत आला असता तर तिचं भलं झालं असतं.

ही हाक तिची एकटीची नव्हती. ती वणीकडची लेक. लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या आईनं टोपलीत एक मादी पिल्लू घातलं होतं आणि वस्तीबाहेर नेऊन कानात हाक शिकवली होती. त्यांच्या घरात लेकीचं आंदण म्हणजे एवढंच, एक पिल्लू आणि एक हाक. हाकेबरोबर आईनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, ही हाक खायला घालायला आणि घरी आणायला. मारायला नाही. लग्नकार्यात डुक्कर कापायचं असलं तर बाप्यांनी फास घेऊन रानात जावं, धरावं, त्यांचं ते बघून घ्यावं. तेव्हा बाईनं तोंड उघडायचं नाही. हाकेनं आणून मारलं की हाक बाटली. दुसरी, डुकरीण व्यायला घर घालून बसली की तिथं डोकावायचं नाही. माणसाची सावली पडली की ती बिथरते, पिल्लं अंगाखाली चिरडते, कधी खाऊनही टाकते. तिची ती पिल्लं घेऊन येईल तेव्हा यायची. त्याआधी पिल्लं किती, कशी, हे विचारणंसुद्धा पाप.

वणीहून आलेल्या त्या पिल्लाची पाचवी पिढी म्हणजे बुची. लहानपणी कुत्र्यानं तिचा एक कान मुळासकट तोडला होता, म्हणून बुची. काळीभोर, रुंद छातीची, आणि साऱ्या कळपाची म्होरकी. ती उठली की बाकीची उठायची, ती थबकली की थबकायची. कुसाबाईची लेक सरू हिचं लग्न ठरलेलं होतं. सिंहस्थात लग्नं लागत नाहीत, म्हणून तिथी पुढल्या साली ढकलली होती. बुची गाभण होती. येत्या वेतातली एक मादी सरूची, हे कुसाबाईनं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. सोनं नाणं तिच्यापाशी नव्हतं. लेकीला द्यायला तिच्यापाशी जे होतं ते बुचीच्या पोटात होतं.

आता सिंहस्थ म्हणजे काय, हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. तपोवनात साधूंच्या राहुट्या पडायच्या होत्या, गंगेचे घाट धुऊन निघत होते, रस्त्यांवर खडी पडत होती. गाव पाहुण्यांसाठी तोंड धुऊन बसतं तेव्हा गावाची घाण खाणाऱ्यांची पहिल्यांदा अडचण होते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दोन आठवड्यांवर आली असताना म्युनिसिपालटीचा मुकादम खंडेराव वस्तीत आला. माणूस वाईट नव्हता. उभ्या उभ्या पाणी मागून प्यायचा, कैकाड्याच्या हातचं पाणी पिताना कुणी बघत तर नाही ना, एवढं मात्र बघायचा.

"वरून हुकूम आलाय," तो म्हणाला. "आखाजीच्या आत गावातलं एकूण एक डुक्कर हललं पाहिजे. देवळालीच्या छावणीचा ठेकेदार गाड्या घेऊन येईल आणि भरून नेईल. डुकरं हलली नाहीत तर पालं हलतील. हे माझं बोलणं नाही, वरचं आहे."

"गाभणी पण?" कुसाबाईनं विचारलं.

"एकूण एक म्हटलं ना."

छावणीत गोऱ्यांच्या ताटात जायची, हे कुणी सांगायला नको होतं. कुसाबाईनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. डुकरं मरतात याचं तिला नवल नव्हतं. तिनं जन्मभर ती पाळली होती आणि जन्मभर खाल्ली होती. पण कुणी आपलं बेणं जाळून भाकरी भाजत नाही. बुची गेली की वणीहून आणलेलं सगळंच गेलं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं टोपलीत आंबलेलं खरकटं घेतलं आणि बुचीला मागं लावून नासर्डीच्या काठानं खाली नेलं. अर्ध्या कोसावर घाणेरीची आणि शिंदीची दाट जाळी होती. तिथं गुरंही शिरत नसत. बुचीची कास लोंबायला लागली होती. अजून चार-पाच दिवस हिला, असा अंदाज कुसाबाईनं बांधला. जाळीपासून वीस पावलांवर एक चपटा दगड होता, त्यावर तिनं खरकटं ओतलं, फुटकी टोपली तिथंच टाकली आणि मागं न बघता परत आली.

मग ती रोज पहाटे दगडावर खरकटं ओतून यायची. पहिले तीन दिवस दुसऱ्या सकाळी दगड चाटून पुसून स्वच्छ दिसला. चौथ्या दिवशी मुकादमाच्या माणसांनी एक बंदूकवाला शिकारी आणला. त्यानं दिवसभर नासर्डीच्या काठानं बार काढले आणि दोन डुकरं पाडली. बाकीची अशी उधळली की ओढ्यांत, घळींत, कुठं कुठं शिरली ते त्यांचं त्यांना ठाऊक. एका डुकरानं शिकाऱ्याच्या पोटरीचा लचका तोडला, तेव्हा शिकारी बंदूक खांद्याला लावून घरी गेला. पाचव्या सकाळी कुसाबाई दगडापाशी गेली तर आदल्या दिवशीचं खरकटं तसंच, वर मुंग्या लागलेल्या.

तिला हायसं वाटलं. डुकरीण व्याली की एक-दोन दिवस तोंडाला काही लावत नाही, पिल्लांपासून हलत नाही. म्हणजे बुची काल व्याली.

सरू त्या दिवशी तिच्याबरोबर आली होती. "आये, जरा फांदी बाजूला करून बघू का? किती हायेत?"

"नाव काढू नको. बघायला गेलीस तर मोजायला एक राहणार नाय."

"लांबनं तर बघते."

"तुझ्या आजीनं कधी बघितलं नाय, मी कधी बघितलं नाय. तू कुठली शहाणी लागून गेलीस?"

सरूनं तोंड फुगवलं. दोघी परत आल्या. त्या वेळी त्या पोरीनं हट्ट धरला असता आणि कुसाबाईनं चार फांद्या बाजूला केल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण आपल्या माणसांच्या शिकवणीवर चालणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा?

आखाजी जवळ आली आणि हाती डुक्कर एक नाही. खंडेराव पुन्हा आला. या खेपेला त्याच्याबरोबर पालं मोडायची माणसं होती, पहारी घेऊन. गोटीराम पुढं झाला. त्याला काय सुचलं असेल देव जाणे, तो म्हणाला, "बंदुकीनं काय व्हतंय, मुकादम? माझ्या बायकोनं हाक मारली तर एका घडीत सगळी येतील."

कुसाबाई टोपली विणत बसली होती. तिच्या हातातला फोक तिथंच राहिला.

उद्या कुसाबाईनं हाक मारायची असं ठरवून माणसं गेल्यावर ती नवऱ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर गोटीरामला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सरूच्या बा, तुम्ही माझी जीभच इकलीत."

"मग पालं जाऊ द्यायची? वीस घरांची लेकरं उन्हात बसवायची?" गोटीराम म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, आणि तीच तर अडचण होती.

रात्रभर तिनं विचार केला. हाक बाटणार, त्याला इलाज नाही. आईपुढं नाक घासू. पण बुची? तिनं बोटांवर दिवस धरले. खरकटं शिळं राहिलं त्याच्या आदल्या दिवशी व्याली, म्हणजे उद्या पिल्लं आठ दिवसांची. डुकरीण दहा दिवस घर सोडून लांब जात नाही, मग कितीही हाका मारा. नंतर मात्र ती पिल्लांना बाहेर काढते, कळपात आणते, सगळ्यांची ओळख करून देते. म्हणजे उद्या बुची यायची नाही. बाकीची जातील, बुची राहील, आणि बुची राहिली तर सगळं राहिलं. आगीतून निघून फुफाट्यात का होईना, पाय टेकायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर नासर्डीच्या काठी माळावर बाभळीच्या काट्यांचा आणि पत्र्यांचा कोंडवाडा उभा राहिला. खंडेरावाची दहा माणसं आडोशाला बसली. कुसाबाई खडकावर चढली. तिनं बुचीच्या जाळीकडं पाठ केली आणि हळू आवाजात हाक घातली. पानसुद्धा हललं नाही.

"ही कसली हाक?" खंडेराव आडोशातून म्हणाला. "शेजारणीला बोलावतेस का? नीट मार."

तिनं जरा आवाज वाढवला. घळीतून एक तोंड बाहेर आलं, मग दुसरं. पोटाच्या खाली चिखल सुकलेला, डोळे बंदुकीनं धास्तावलेले. आठ-दहा डुकरं काठावर आली आणि थांबली. नाकं वर करून वास घेत इकडंतिकडं बघू लागली. पुढं पाऊल टाकीनात. कुसाबाईला कळलं ती काय शोधताहेत ते. पुढं बुची नव्हती. बुचीशिवाय ती कधी घरी आलीच नव्हती.

"पालं मोडायची का मग?" खंडेरावाच्या आवाजात रागापेक्षा काकुळती जास्त होती.

मागं वस्तीत बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. गोटीराम मान खाली घालून होता. कुसाबाईनं डोळे मिटले आणि छाती भरून, वणीच्या डोंगरात आईनं शिकवली होती तशी, पुरी हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. बुची दहा दिवस हलत नाही, आज आठवा, हे ती हाकेच्या मधल्या श्वासात मनाशी घोकत होती.

कळपानं कान टवकारले. पण माना तिच्याकडं वळल्या नाहीत. त्या खालच्या अंगाला, जाळीकडं वळल्या.

नासर्डीच्या वाळूतून बुची येत होती. आचळं भरलेली, एक कान नसलेलं डोकं खाली, चाल संथ. तिच्यामागं काळी-तांबूस पिल्लं रांग मोडत, धडपडत, एकमेकांच्या अंगावर पडत येत होती. आठ दिवसांची पिल्लं अशी पळत नाहीत. कुसाबाईला लांबूनच कळलं की ही दहा-अकरा दिवसांची आहेत.

ती खडकावरून उतरून धावली. मातीचं ढेकूळ उचलून तिनं बुचीवर भिरकावलं. "जा. जा रांडे, माघारी जा." ढेकूळ बुचीच्या पुढ्यात पडून फुटलं. बुचीनं ते हुंगलं. या बाईनं तिच्यापुढं जन्मभर जे टाकलं ते खायचंच होतं. दुसरं ढेकूळ तिच्या खांद्यावर बसलं. ती जरा अंग चोरून उभी राहिली आणि पुन्हा चालू लागली. सरळ कुसाबाईपाशी आली, ओलं नाक तिच्या तळहातात खुपसलं आणि घशातल्या घशात हुंकारली. तो हुंकार ऐकून पिल्लं पुढं सरकली आणि कुसाबाईच्या पायांभोवती गोळा झाली. पायाची बोटं हुंगू लागली. डुकरीण आपली पिल्लं कळपाला दाखवायला आणते. बुचीनं ती पहिल्यांदा कुसाबाईला दाखवली.

पिल्लं नऊ होती. आता मोजायला हरकत नव्हती.

खंडेराव जवळ आला. कुसाबाईनं त्याच्यापुढं पदर पसरला. आयुष्यात तिनं टोपल्या विकल्या होत्या, पण पदर कुणापुढं पसरला नव्हता. "दादा, एवढी एक सोडा. लेकीच्या नावची हाय."

खंडेरावानं मान फिरवली. "मी एकटा असतो तर बघितलंच नसतं, कुसाबाई. दहा माणसांनी बघितलंय. एक मागं राहिली आणि साधूंच्या राहुटीत शिरली तर माझ्या पोरांनी काय खायचं?"

मग तिनं वेड्यासारखं केलं. खाली वाकून एक मादी पिल्लू उचललं आणि पदराखाली धरलं. जमिनीवरून पाय सुटताच पिल्लू असं किंचाळलं की सारा माळ दणाणला. बुचीनं गर्रकन वळून कुसाबाईच्या लुगड्यात दात रोवले. दात मांडीपर्यंत पोचले. पण आतला वास ओळखीचा होता. बुचीनं तोंड सोडलं आणि ती तिच्याकडं नुसती बघत उभी राहिली. कुसाबाईला दात लागल्याचं दुखलं नाही, त्या बघण्याचं दुखलं. तिनं पिल्लू खाली ठेवलं. दहा दिवसांचं पोर आईच्या दुधाशिवाय दोन दिवस काढत नाही. ते घरी नेलं असतं तर तिसऱ्या दिवशी पुरावं लागलं असतं.

"चल," ती बुचीला म्हणाली.

ती कोंडवाड्याकडं चालू लागली. तिच्या टाचेमागं बुची, बुचीमागं पिल्लं, आणि म्होरकी दिसल्यावर जिवात जीव आलेला सगळा कळप. कुणाला काठी लावावी लागली नाही. कुसाबाई आत गेली, डुकरं आत गेली, आणि मग कुसाबाई एकटी बाहेर आली. कुणीतरी काट्यांचा झाप ओढून लावला. आत बुची कुशीवर आडवी झाली आणि पिल्लांना प्यायला बोलावू लागली. तो हळू, लयीतला हुंकार पाठीमागून ऐकू येत होता. प्रत्येक पिल्लू आपापला सड शोधून धरतं, दुसऱ्याच्या सडाला तोंड लावत नाही. सकाळी गाड्या आल्या तेव्हा कुसाबाई पालाबाहेर आली नाही.

पालं राहिली. वस्तीनं आखाजी केली, पोरींनी झोकेही बांधले.

चार दिवसांनी ती जाळीत शिरली. आता तिथं डोकावायला कुणाची बंदी नव्हती. जमीन खोल उकरून बुचीनं गवत, पालापाचोळा आणि शिंदीच्या झावळ्यांचं घर घातलं होतं. कुसाबाईनं टाकलेली फुटकी टोपली तिनं ओढत आत नेली होती, तिचे फोक दातांनी सुटे करून पिल्लांच्या अंगाखाली अंथरले होते. घरात घाणीचा कण नव्हता. दगडाभोवती वाळलेल्या चिखलात कुत्र्यांचे पंजे उठलेले होते, जुने, पहिल्या दिवसांतले. पहिले दिवस खरकटं कुत्र्यांनी खाल्लं होतं. बुची तिथं सोडली त्याच रात्री व्याली होती. आणि त्या चौथ्या दिवशी तिनं खरकटं खाल्लं नाही, कुत्रीही फिरकली नाहीत, ते दोन्ही बंदुकीच्या भीतीनं. एक फांदी बाजूला केली असती तर पिल्लं किती दिवसांची ते तिला बघताक्षणी कळलं असतं. कुसाबाई त्या घराशेजारी बसली आणि पोटभर रडली.

साधू आले, न्हाले, गेले. पुढं वर्षा-दोन वर्षांत वस्तीत पुन्हा डुकरं आली. गोटीरामनं कुठून तरी आणली. कुसाबाई त्यांना खायला घालायची, पण जर्मनच्या पातेल्यावर लाकूड बडवून बोलवायची. तिच्या तोंडून हाक कुणी ऐकली नाही.

सरूचं लग्न झालं. सासरी निघताना ती आईला वस्तीबाहेर घेऊन गेली. हातात नवी टोपली होती, गोटीरामनं विणलेली, तळाला गवत घातलेली. "पिल्लू नाय तर नाय," सरू म्हणाली. "पण हाक तरी दे मला. तुझ्या आयेनं तुला दिली व्हती."

कुसाबाईनं टोपलीतलं गवत उगाच नीट केलं.

"नको," ती म्हणाली. "हाकेला कुणी आलं, तर काय करशील?"

सरूनं टोपली कमरेवर घेतली आणि वऱ्हाडाच्या मागं चालू लागली.